सांगून दिलेल्या खोडी

मुख्यपान

आमच्या तांड्यात स्वतःची वेबसाइट असलेला मी एकटाच! तांड्याचे प्रमुख म्हणजे नायक, त्यांचं फेसबुक आहे, महागावच्या आडत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पण नावापुढे डॉट कॉम लागतं असा माणूस एकच, बादल देवसिंग राठोड. पुण्याच्या एका कंपनीला शेतीच्या ॲपसाठी मजकूर लिहिणारा हवा होता. काम घरून. ती नोकरी मी या वेबसाइटच्या जोरावर मिळवणार होतो. मिळवणारच होतो, कारण नाही मिळाली तर दिवाळीनंतर चुलतभाऊ शामच्या कृषी केंद्रात बसायचं, असं बापूंनी, म्हणजे वडिलांनी, ठरवून टाकलं होतं. शाम दिवसभर गिऱ्हाइकांना बोंडअळीवर भाषण देतो. गिऱ्हाईक नसलं की जो समोर असेल त्याला देतो.

माझ्याविषयी (पहिला मसुदा)

"मी बादल. मला वाक्यं अर्धवट सोडायला आवडतं, कारण"

एवढंच. खाली कपाशीत उभा असलेला माझा फोटो. हा माझा खरा आवाज. मी प्रयोगशील लेखक आहे. तांड्यात कुणी विचारत नाही, म्हणून इथं सांगतो.

बहीण राखीनं वाचलं. (घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, बोलतो. तुमच्या सोयीसाठी वऱ्हाडीत देतो.)

"भिया, हे वाचून कोणी नोकरी नाही देत. गाडी पाठवून दवाखान्यात नेतीन तुले."

माझ्याविषयी (दुसरा मसुदा)

मग पुसदच्या स्टुडिओत जाऊन, तिथलाच कोट घालून फोटो काढला. कोट मागून चिमट्यांनी आवळला होता, त्यामुळे चेहऱ्यावर आपोआप गांभीर्य आलं. मजकूर: "ध्येयनिष्ठ, परिणामकेंद्री, संघभावनेने भारलेला, सदैव तत्पर."

याडीनं, म्हणजे आईनं, मोबाइल लांब धरून पाहिलं.

"कोणाचा पोरगा हाय हा?"

"तुहाच," राखी म्हणाली.

"माहा नोहे. हा पतसंस्थेच्या निवडणुकीले उभा हाय. अन् तत्पर कोण? दुपारी जेवल्यावर याले उठवाले तांब्याभर पाणी लागते."

मी हटलो नाही. तोल साधला. कोट स्टुडिओचा, मागे कपाशी आपल्या शेतातली. आवाज थोडा खरा, थोडा इस्त्री केलेला.

कामाचे नमुने

हे पान अजून तयार नाही. पुढे चला.

माझ्याविषयी कुणाला विचाराल

माझ्याबद्दल खात्रीनं बोलेल अशा एका माणसाचा नंबर कंपनीला हवा होता. आधीचं पान रिकामं असल्यामुळे हे दणदणीत करणं भाग होतं. मी थोरले काका हरिसिंग यांना निवडलं. काका बैलबाजारात दलाल आहेत. आवाज असा, की भरल्या बाजारात मागच्या रांगेतला बैलसुद्धा कान टवकारतो. वेबसाइटवर दलाल कसं लिहायचं? मी लिहिलं, "ज्येष्ठ व्यवहार सल्लागार".

काकांचा नियम अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. बैलाची खोड आधी सांगायची, गुण मागून. सांगितलेल्या खोडीवरून बैल परत करता येत नाही. न सांगितलेली निघाली, तर येतो. याच नियमावर त्यांचा शब्द चालतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी त्यांना म्हणालो, "काका, पुण्याहून फोन येईन. फक्त खरं सांगजा."

"मंग मी कवा खोटं सांगतो?" काका म्हणाले.

फोन आला तेव्हा ते आमच्याच अंगणात चहा पीत होते. काका कायम स्पीकरवर बोलतात.

"नमस्कार, मी सुरभी. बादल राठोड यांच्याविषयी बोलायचं होतं."

"बोला बाई. घ्याचं हाय का नुसतं पाहून राह्यले?"

"घ्यायचा विचार आहे."

"मंग पहिले खोडी सांगतो. दुपारी जेवल्यावर बसते. एकदा बसलं की उठत नाही."

मी दोन्ही हात हलवले. काकांना वाटलं, मी माशी हाकलतोय. त्यांनीही एक हाकलली.

"दुसरं, जोडीत चालत नाही. एकटं जुंपलं त नीट ओढते, संगं कोणी दिलं की मान काढते."

"पण वेबसाइटवर तर संघभावना लिहिलं आहे."

"कोणं लिहलं?"

"त्यांनीच."

"हां. मंग बरोबर."

"वेळेत काम करतात का?"

"पेरणी अंगावर आली की पाय उचलते. तवर आपल्या मनानं." काकांनी बशीतला चहा संपवला. "आता गुण ऐका. नव्या रस्त्यानं बुजते, पण रस्ता एकदा पायाखालून गेला की गाडीवान झोपला तरी गाडी घरी आणते. मारकं नाही. खाण्याले जास्त नाही."

"चहा लागते म्हणा," याडी आतून म्हणाली.

"चहा लागते. आता भावाचं. रुमालाखाली बोटं धरून ठरवलं असतं, पण तुम्ही तिकडं, रुमाल इकडं. तोंडानंच सांगा."

"पगाराचं नंतर कळवतो आम्ही."

"काही घाई नाही. आठ दिवस जुंपून पाहा. नाही पटला त परत पाठवा, गाडीभाडं आमचं!"

फोन ठेवून काका माझ्याकडे समाधानानं पाहत होते. मी खाटेवर बसलो होतो.

"पाह्य," काका याडीला म्हणाले, "दुपार झाली, बसला."

संपर्क

मी वेबसाइट बंद केली नाही. मी ठरवलं होतं, ठरवलं म्हणजे ठरवलं. शाम मात्र संध्याकाळीच येऊन माझ्या खुर्चीची जागा सांगून गेला. पंख्याखाली नाही, तराजूच्या बाजूला.

चौथ्या दिवशी सुरभी मॅडमचा मेल आला. बाकी सगळ्या उमेदवारांच्या शिफारशींत एकच माणूस होता, ध्येयनिष्ठ आणि परिणामकेंद्री. "आपण काय घेतो आहोत, हे फक्त तुमच्या बाबतीत कळलं. आठ दिवस चाचणी."

बापूंनी मेल राखीकडून पुन्हा वाचून घेतला आणि शामला फोन करून खुर्ची आठ दिवस थांबवायला सांगितली.

हे पान सापडलं नाही

पहिल्याच दिवशी सगळ्यांची व्हिडिओ मीटिंग. वेळ, दुपारी अडीच. काकांना खोटं पाडायचंच, या निश्चयानं मी जेवण अर्ध्यावर सोडलं, स्टुडिओवाल्याकडून कोट आणला, डोळ्यांना पाणी लावलं आणि कॅमेऱ्यासमोर ताठ बसलो.

जाग आली तेव्हा पडद्यावर सगळे माझ्याकडेच पाहत होते.

"मॅडम, उठवायचं का त्यांना?" कुणीतरी विचारत होतं.

"नको," सुरभी मॅडम म्हणाल्या. "ही खोड सांगून दिलेली आहे."

संध्याकाळी मी पहिला मजकूर पाठवला. फवारणीची माहिती, जीव ओतून लिहिलेली. मॅडमचं उत्तर आलं: "छान आहे. पण शेवटचं वाक्य अर्धवट का आहे? याबद्दल काका काही बोलले नव्हते."

काकांना विचारलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "हे मले ठाऊकच नोतं रे. हे त न सांगतलेलं निघालं."

तेव्हापासून मी पक्कं ठरवलं आहे. यापुढे एकही वाक्य अर्ध्यावर सोडायचं नाही, प्रयोग गेला उडत, कारण चाचणीचे दिवस अजून संपलेले नाहीत आणि ही एक खोड जर पुन्हा दिसली तर कंपनी मला सरळ