पाठमोरी मुलाखत

अमडापूरच्या वाचनालयाचे चिटणीस नारायणराव यांचं पत्र येऊन दोन वर्षं झाली होती. ‘कोणत्याही शनिवारी या आणि आमच्या मुलांशी पुस्तकांबद्दल बोला. काय बोलाल ते आधी कळवा.’ जानेफळच्या शंकररावांनी उत्तराचे अकरा मसुदे केले आणि अकराही शब्दकोशात दडवले. जन्मभर ग्रंथपाल असलेल्या या माणसाला पुस्तकाकडे बघून तासभर बोलता येई. माणसाकडे बघून ‘बसा’ म्हणणंही जमत नसे.

पण नात समता मेहकरच्या एका दवाखान्यात नोकरीच्या मुलाखतीला जाणार असं ठरलं, तेव्हा हेच शंकरराव छाती फुगवून म्हणाले, "अशी उत्तरं लिहून देतो, साहेब लोक उठून उभे राहतील!"

लिहिलीही तशीच. ‘माझा दोष विचाराल, तर काम पुरं झाल्याशिवाय मी उठत नाही.’ तालीम आठ दिवस चालली. प्रश्न विचारताना शंकरराव पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून बसत, नाहीतर नातीसमोरही जीभ अडखळे. समता त्यांच्या पाठीला उत्तरं देई.

भाकरी थापता थापता पंचफुलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तिकडे तोंड करून काऊन बसता? साहेब काय कपाटात बसन?"

शंकररावांनी ते मनावर घेतलं नाही.

मुलाखतीहून परतल्यावर समतानं सगळं सांगितलं. समोर तीन चेहरे होते. हे काम का करायचंय, असं विचारल्यावर तिला एक शब्द सुचेना. तेवढ्यात कारभारी नावाचा कारकून आत आला आणि तिच्याकडे पाठ करून कपाटात फाइल शोधू लागला. पाठ दिसताच समता जी सुटली, ती थेट दोषापर्यंत पोचली. कारभारी वळला आणि वाक्य तिथंच तुटलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पुन्हा कपाटाकडे वळवलं. समता पुन्हा सुरू. इकडे वळवलं, बंद. चौथ्यांदा कारभारी काकुळतीला आला, "मॅडम, मले चक्कर येऊन राह्यली."

मग बाईंनी विचारलं, हे असं कोणी शिकवलं? हा प्रश्न कागदावर नव्हता. समता त्यांच्याकडे बघूनच बोलून गेली, "आमच्या आबानं. त्याईले कोनाच्या तोंडाकडे पाहून बोलता येत नाही. तरी माह्यासाठी आठ दिवस रोज बसले."

इथं निम्मे पेशंट असेच मान खाली घालून येतात, बाई म्हणाल्या, सोमवारपासून नोंदणीच्या खिडकीवर बस.

शंकरराव हे सगळं कपाटाकडे तोंड करूनच ऐकत होते. कान लाल झाले होते.

"म्हणजे माझं एकही उत्तर कामी आलं नाही?"

"एकही नाही, आबा."

त्यांनी नारायणरावांच्या उत्तरासाठी बारावा कागद घेतला. ‘या शनिवारी येतो. काय बोलेन, ठाऊक नाही. मला माणसांकडे पाहून बोलता येत नाही. मुलांनी सांभाळून घ्यावं.’ खाडाखोड न करता पाकीट चिकटवलं आणि विचार बदलायच्या आत टपालपेटीत टाकलं.

पाकीट आत पडल्याचा आवाज आला, आणि मग त्यांना आठवलं की आज शुक्रवार. पत्राच्या आधी आपणच पोचणार. त्यातला मजकूर उद्या तोंडानंच सांगावा लागणार.