उडत्या बाजेच्या सहाव्या पोथीस अभिप्राय आले, त्याची बखर

श्री. ज्यांनी पोथ्या लिहिल्या त्यांस नमस्कार, ज्यांनी वाचल्या त्यांस नमस्कार, आणि ज्यांनी न वाचताच मत कळविले त्यांस दुरोन दोन नमस्कार. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहोन आता कोणास सुख नाही, निंबाजीपंत कथेकरी यांची सहावी पोथी प्रकट जाहली, तिजवर प्रजेने अभिप्राय धाडिले, आणि त्यातून काय अनर्थ जाहला ते साद्यंत लिहिले आहे. हे लिहिणारा त्या समयी दरबारच्या दफ्तरात कारकून होता. नाव लिहीत नाही. का, ते वाचिता कळेल.

प्रथम पोथ्यांचा वृत्तांत. त्यात एक चेटकीण, झिपरी आक्का, जिचे मंत्र निम्मेच लागत. एक राक्षस, ढब्बासुर, ताडाएवढा उंच आणि पालीस भिणारा. आणि एक सुंभाने विणलेली बाज, म्हणजे खाट, ती आभाळी उडे परंतु उजवीकडेच वळे, सबब डावीकडील गावास जाणे तर साऱ्या मुलखास वळसा घालोन यावे लागे. ऐशा पाच पोथ्या पंतांनी लिहिल्या आणि राज्य हसोन हसोन बेजार जाहले. न्यायाधीश साक्ष ऐकता ऐकता दुसरी पोथी आठवोन हसले आणि साक्षीदार रागावोन घरी गेला. महाराजांनी तिसरी पोथी ऐकता गादीवर लोळण घेतली, ते सर्वांनी पाहिले आणि कोणी पाहिले नाही असे ठरले. मग महाराजांनी आज्ञा केली की, पोथीच्या नकला गावोगाव जाव्या, वाचोन होताच प्रत्येकाने अभिप्राय लिहावा आणि संगती विडे ठेवावे. फार आवडली तर पाच, बरी वाटली तर तीन, मुळीच नाही तर नुसता चुना. आणि ते सारे दफ्तरात यावे, आणि कारकुनाने पंतांस समोर बसवोन वाचोन दाखवावे. पाचवीपर्यंत विडे इतके आले की, दफ्तरातील झाडून सारे लोक वर्षभर लाल तोंडाने हिंडत होते.

पाचवीनंतर पंतांचे कुटुंब निवर्तले. बाई पोथीचे प्रत्येक पान आधी ऐकत आणि जेथे हसत नसत ते पान पंत फाडीत. सहावी पोथी पंतांनी एकट्याने लिहिली. तिजमध्ये बाजेचा एक खूर, म्हणजे पाय, डोंगराच्या कड्यावर मोडला, आणि खाली ठेविली तर बाज दरीत जाईल म्हणोन ढब्बासुराने ती खांद्यावर घेतली आणि आक्कास म्हणाला, "तू सुतार घेऊन ये. मी आहे इथे." मग आक्का पायी उतरोन गेली, राक्षस बाज धरोन उभा राहिला, आणि पोथी तेथेच सरली.

मग अभिप्राय येऊ लागले. दफ्तरदार हैबतराव मोठे शिस्तीचे गृहस्थ; त्यांनी आधीच नियम केला होता की, ज्या कागदात निर्णय आहे तो अभिप्राय, आणि ज्यात नुसते विचारणे आहे तो प्रश्न; प्रश्नांचा रुमाल वेगळा बांधोन वरच्या फडताळात ठेवावा, उत्तरे यथावकाश दिली जातील. नियम वाईट नव्हता. या लिहिणाराने तो मन लावोन पाळिला. अभिप्रायाचे कागद ऐसे होते की, एकाने लिहिले, पहिल्या तीन पोथ्यांची सर नाही. दुसऱ्याने लिहिले, पहिल्या तीनही आता वाचिता तितक्या बऱ्या वाटत नाहीत, दोन विडे परत घ्यावे. पुरुषोत्तमशास्त्री यांनी अकरा पृष्ठे लिहोन सिद्ध केले की राक्षस पालीस भिऊ शकत नाही. एका देशमुखाने चुना धाडिला आणि लिहिले की, जासुदाने पोथी ओढ्यात भिजवोन आणिली, सबब कथा रद्दी आहे. एकाने लिहिले, अद्याप वाचिली नाही, परंतु शेजारी म्हणतो की पंत संपले. आणि या लिहिणारानेही एक कागद घातला. खरे म्हणाल तर शेवटचे पान वाचोन मी ओटीवर पुष्कळ वेळ बसलो होतो आणि तेच पान पुन्हा वाचीत होतो. परंतु दफ्तरात सारे नाके मुरडीत होते, तेव्हा मीही लिहिले की, विनोद क्षीण जाहला, दोन विडे. शहाण्यांत गणले जावे, इतकाच मतलब.

नेमल्या दिवशी पंत आले, आणि भिंतीस टेकोन बसले, आणि मी वाचू लागलो. माझा आवाज तेव्हा खणखणीत होता आणि त्याचा मला अभिमान होता. शास्त्रीबोवांची अकरा पृष्ठे मी हातवारे करोन वाचिली. कारकून मंडळी हसली. पंतही थोडे हसले, चांगल्या मनाचे होते. सारे वाचोन जाहल्यावर पंतांनी विचारिले, "राक्षसाविषयी कोणी काही लिहिलं आहे का?"

"लिहिलं आहे," मी म्हणालो. "पूर्वीसारखा हसवीत नाही, असं पुष्कळांचं म्हणणं आहे."

"आणखी काही कागद?"

मी फडताळाकडे पाहिले. रुमाल इतका फुगला होता की त्याची गाठ बसत नव्हती. मग हैबतरावांकडे पाहिले. ते विडा लावीत होते आणि त्यांनी नाही म्हणोन मान हलविली. मी म्हणालो, "अभिप्राय इतकेच, पंत."

पंत म्हणाले, "बरं झालं, वेळेवर कळलं." आणि उपरणे झटकोन उठले. सातव्या पोथीची चाळीस पाने तयार होती, ती त्यांनी त्याच आठवड्यात नदीत सोडिली आणि माहुलीस बहिणीकडे राहावयास गेले. पुढे लोक विचारू लागले की सातवी केव्हा, आणि ज्यांनी चुना धाडिला होता तेच मोठ्याने विचारू लागले, आणि दफ्तरातून तेही प्रश्न फडताळात गेले.

बारा वर्षे गेली. हैबतराव वारले, त्यांची जागा मला मिळाली, आणि फडताळास वाळवी लागली म्हणोन तो रुमाल खाली काढिला. उघडोन पाहतो तो कागद अभिप्रायांच्या तिप्पट. विडा एकातही नाही. निर्णयच नाही तर विडे किती ठेवावे, हे त्या लोकांस कळले नसावे. कासारआळीच्या धोंडूबाईने लिहविले होते की, ढब्बासुर डोंगरावर खातो काय, त्यास कोणी भाकर नेऊन देते की नाही, मला घास गिळवत नाही. कोणी विचारिले, त्याचा खांदा दुखत असेल, दुसऱ्या खांद्यावर घेतली तर चालेल काय. कोणी विचारिले, तेथे पाली आहेत काय. आणि सटवोजी सुतार, त्याने लिहविले होते, "मी सुतार आहे. हत्यारांस धार लावोन ठेविली आहे. डोंगर कोणता ते कळवावे. राक्षसास सांगावे, निघालो." मी खाली बसलो आणि रडलो. मग रुमाल घोड्यावर घालोन माहुलीस गेलो.

पंत फार थकले होते, डोळ्यांनी दिसत नव्हते. मी झाले ते सारे सांगितले, माझ्या दोन विड्यांचेही सांगितले, आणि कागद वाचू लागलो. यावेळी आवाज लागेना. धोंडूबाईचा कागद पंतांनी मला दोनदा वाचावयास लाविला. सुताराचा ऐकोन विचारिले, "केव्हाचा?"

"सहावी आली त्याच पौषातला."

पंतांनी तो कागद हाती मागोन घेतला. मग म्हणाले, "हा एक कागद त्या दिवशी ऐकवला असतास, तर मी घरी न जाता तिथंच लिहायला बसलो असतो."

"आता सांगावं, पंत. मी लिहून घेतो."

"खूप आठवून पाहिलं रे. सुतार यायचा होता, इतकं ठाऊक आहे. कुठल्या वाटेनं, कसा, ते गेलं." मला शिव्या देते तर बरे होते, त्यांनी माझा हात चाचपोन धरिला आणि म्हणाले, "त्या सुताराला उत्तर मात्र लिही. लिही, की तो उभा आहे. बाज खाली ठेवलेली नाही."

तितकेच लिहिले. माघात पंत वारले. पत्र मी स्वतः घेऊन गेलो; सटवोजी म्हातारा जाहला होता, परंतु रंधा चालवीत होता. त्याने पत्र माझ्याकडोन वाचोन घेतले, कपाळास लाविले, पुन्हा उलटसुलट पाहिले आणि मला म्हणाला, "डोंगर कोणता, ते लिहायचं राहिलं काय?"

मी होय म्हणालो. राहिलं.

तात्पर्य इतकेच की, राज्यात वाचणारे पुष्कळ होते, आवडलेली गोष्ट आवडली म्हणोन कोणी लिहिले नाही, पुढे काय म्हणोन विचारिले, आणि ते विचारणे आम्ही बांधोन ठेविले. अपराध नियमाचा म्हणावा तर कागद वाचोन दाखविणारा मी होतो. सातवी पोथी नाही. ज्याच्या हाती ही हकीकत येईल त्याने मत न कळविले तरी चालेल.