चार बोटं केक

नाताळच्या आदल्या दुपारी भालेरावांच्या ओट्यावर सहा अंडी होती, त्यांतलं एक तडकलेलं. चाळलेला मैदा होता, दळलेली साखर होती, लोण्याचा गोळा होता, संत्र्याच्या रसात भिजवलेले बेदाणे होते आणि बेकिंग पावडरची एक डबी होती. कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता. तो शेजारच्या जहिदाभाभींचा. त्याच्या झाकणाला काचेची खिडकी होती आणि चार पायांपैकी एकाच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच होतं. ओट्यापाशी विमलाबाई तासाभरापासून उभ्या होत्या. सगळं जागेवर होतं. नव्हत्या त्या फक्त वत्सलाबाई, आणि त्या आल्याशिवाय अंडं फोडायचं नव्हतं.

वत्सलाबाई म्हणजे विमलाबाईंचे यजमान सहादू भालेराव यांची थोरली बहीण. दिलेली सटाण्याला. दर नाताळला ती नवऱ्याला घेऊन नाशिक रोडला भावाकडे यायची आणि दर नाताळला विमलाबाईंचा केक बसायचा. एकदा मधोमध खळगा पडला. एकदा तो इतका चपटा झाला, की वत्सलाबाईंनी "ही भाकर कुणी केली?" असं विचारलं. गेल्या वर्षी विमलाबाईंनी कंटाळून केक बेकरीतून भाजून आणला, तर तो छान फुगला, पण वत्सलाबाई म्हणाल्या, "हा इकतचा हाय. मी काय येडी हाय का?"

या नोव्हेंबरात निरोप आला. पुढच्या वर्षापासून सगळ्यांनी नाताळला सटाण्याला यावं. तिथं घर मोठं आहे, अंगण आहे, आणि केक फुगतो. मात्र विमलाबाईंना एक शेवटची संधी होती. केक वत्सलाबाईंच्या डोळ्यांसमोर भाजायचा आणि तो चार बोटं उंच झाला पाहिजे. चार बोटं झाला तर नाताळ नाशिक रोडलाच. कायमचा.

विमलाबाईंना सटाण्याला जायला हरकत नव्हती. त्यांना तिथं जाऊन, वत्सलाबाईंच्या स्वयंपाकघरात उभं राहून, कांदे चिरायला हरकत होती.

सटाण्याची एसटी उशिरा आली. वत्सलाबाई दारात आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. मागून त्यांचे यजमान झुंबर, डोक्याला मफलर, अंगावर घोंगडी.

"सलाम, अक्का. सलाम, दाजी," सहादू म्हणाले.

"सलाम, सलाम. भलती थंडी शे भो," झुंबर म्हणाले. "पाय गार पडी ग्यात मन्हा."

"यांचे पाय म्हंजे बर्फाची लादी झालीय," वत्सलाबाई म्हणाल्या. "बसा हो तुम्ही खाटेवर. मी बघते." त्यांनी पिशवी उघडली, कांदे काढले, तुपाचा डबा काढला, टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मागच्या गॅलरीत गेल्या. बादलीचा आवाज झाला. मग गॅलरीचं दार वाऱ्यासाठी घट्ट ओढून घेऊन त्या स्वयंपाकघरात आल्या आणि पाट घेऊन ओव्हनच्या समोर बसल्या.

"हं. कर सुरू, विमल."

विमलाबाईंनी सुरू केलं. लोणी-साखर फेटली, अंडी घातली, मैदा घातला. वत्सलाबाईंनी वाकून बेकिंग पावडरचा चमचा पाहिला. मिश्रण भांड्यात पडलं, भांडं ओव्हनमध्ये गेलं, झाकण बसलं, बटण दाबलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातला बल्ब पिवळा झाला.

"हे काय?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"व्होल्टेज," सहादू म्हणाले. सहादू एका सरकारी कार्यालयात ड्राफ्ट्समन होते आणि फूटपट्टीशिवाय कशावर बोलणं त्यांना आवडत नसे. "संध्याकाळी पडतं. थंडीमुळं लोक शेगड्या लावतात."

"मग केक?"

सहादू शेजारी गेले आणि जहिदाभाभींचे यजमान रियाज यांना घेऊन आले. रियाजभाई नोकरीवरून आल्यावर घरी रेडिओ दुरुस्त करत. त्यांच्याकडे मीटर होतं. त्यांनी मीटरच्या दोन तारा प्लगमध्ये घातल्या आणि काटा पाहिला.

"एकशे साठ. भालेराव साहेब, ओव्हन गरम नाही, नुसता कोमट आहे."

ते खरं होतं. व्होल्टेज दोन-तृतीयांशावर आलं, की उष्णता दोन-तृतीयांश उरत नाही. ती निम्म्याच्याही खाली जाते. विमलाबाईंना हे गणित ठाऊक नव्हतं, पण काचेच्या खिडकीतून त्यांना केक दिसत होता आणि तो जसा घातला तसा होता.

"ढक्कन मत खोलना हां, बिलकुल," मागून आलेल्या जहिदाभाभी म्हणाल्या. "खोला तो बैठ जाएगा."

"झाकण उघडायचं नाय, तर मग भाजणार कसं?" वत्सलाबाई म्हणाल्या. "सटाण्याला आमच्याकडं चूल हाय. चुलीला व्होल्टेज लागत नाय."

विमलाबाईंचा चेहरा पाहून रियाजभाईंनी मार्ग काढला. सगळ्या बिल्डिंगला एकच लाइन. लोकांनी अर्धा-पाऊण तास आपापली उपकरणं बंद ठेवली, तर व्होल्टेज चढेल. "तुमच्या घरात काय चालू आहे?"

"आमच्या घरात काय असणार?" विमलाबाई म्हणाल्या. "हा बल्ब आणि हा ओव्हन. आम्ही पाणीसुद्धा स्टोव्हवर तापवतो."

"आमच्यात काय नाय," वत्सलाबाईंनीही ठणकावून सांगितलं. "आधी लोकांच्या घरात बघा."

रियाजभाईंनी सुरुवात स्वतःपासून केली. घरी जाऊन त्यांनी डाग द्यायची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगचं यंत्र, बंद केलं. काटा हलला नाही. जहिदाभाभींनी दोन्ही खोल्यांचे दिवे बंद केले. काटा किंचित हलला. घरात अंधार झाल्यामुळं दोघंही भालेरावांकडंच थांबले.

मग सहादू वर गेले. वरच्या मजल्यावर निवृत्त कोंडाजी राहत. त्यांच्याकडे तारेची शेगडी होती आणि ते तिच्यापासून डिसेंबर ते फेब्रुवारी हलत नसत.

"सहादूराव, शेगडी बंद केली तर मी काय करू?"

"अर्धा तास, काका. केकसाठी."

"केक कितीसा आहे?"

"सात इंच व्यास."

"मला तुकडा?"

"नक्की."

कोंडाजी रजईसकट खाली आले. काटा एकशे सत्तरवर गेला. समोरच्या मास्तरीणबाई बयाबाई मुलांच्या कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री बंद केली आणि अर्धी इस्त्री झालेली मुलं घेऊन त्या आल्या. एक मूल अगदी कडक आणि दुसरं चुरगळलेलं, असं ते दृश्य होतं. तळमजल्यावरून आणखी तीन घरं आली. कुणी रिकाम्या हातानं आलं नाही. करंज्या आल्या, भजी आली, शेवेचा डबा आला. प्रत्येक घराला केकचा एक तुकडा कबूल झाला. सहादूंनी मनाशी सात इंचांच्या वर्तुळाचे भाग पाडून पाहिले आणि मग पाडणं सोडून दिलं.

काटा एकशे ब्याऐंशीवर येऊन थांबला. भालेरावांचा बल्ब सोडला तर बिल्डिंगमध्ये आता एकही दिवा लागलेला नव्हता. सगळे भालेरावांच्या दोन खोल्यांत होते आणि झुंबर खाटेवर, त्या सगळ्यांच्या मधोमध, घोरत होते.

"अजून कुणाचं काय राहिलंय का?" रियाजभाईंनी विचारलं. "एवढं बंद करून दोनशेला जायला पाहिजे. कुठंतरी काहीतरी खातंय."

सगळ्यांनी एकमेकांकडं संशयानं पाहिलं. कोंडाजी म्हणाले, "माझं तर सगळं इथंच आहे." त्यांनी रजई उघडून दाखवली.

केक हळूहळू फुगायला लागला होता. विमलाबाई खिडकीपाशी वाकल्या होत्या. "चढतोय," त्या कुजबुजल्या.

"हळू बोला," जहिदाभाभी म्हणाल्या. "धक्का लागला तर बसतो."

"खरं का?" बयाबाईंनी विचारलं.

"आमच्या बहिणीच्या, आपाच्या, केकच्या वक्ताला दरवाजा आपटला होता. पूरा बैठ गया."

याची शास्त्रीय तपासणी करायला वेळ नव्हता. बिल्डिंगमधली सगळी माणसं पाय अलगद टाकू लागली. बयाबाईंच्या कडक मुलाला शिंक आली, तर त्याच्या नाकावर तिघांनी हात ठेवले.

आणि जिन्यावर ढोलकी वाजली.

चर्चची मंडळी कॅरोल गात घरोघर फिरत होती. पुढं मल्हारी, गळ्यात ढोलकी. दर वर्षी भालेरावांकडे तो सगळ्यांत जोरात वाजवायचा, कारण सगळ्यांत चांगला चहा तिथं मिळायचा. सहादू धावत जिन्यात गेले.

"मल्हारी, थांब! केक आहे!"

"वा! मग तर वाजवलंच पाहिजे!"

"फुगतोय रे! ढोलकीनं बसेल!"

मल्हारीनं हात आवरला. मागं नऊ जण भरल्या छातीनं उभे होते. "मग न गाता जायचं? सणाला? अपशकुन काय तो?"

"गा. पण हळू."

मंडळी चवड्यांवर आत आली. प्रभूचा जन्म झाल्याची आनंदवार्ता त्या घरात कुजबुजत सांगितली गेली. मल्हारी ढोलकी पाठीवर टाकून स्वतःच्या मांडीवर बोटांनी ठेका धरत होता. तार सप्तकातल्या ओळीला सगळ्यांनी फक्त तोंडं उघडली. कोंडाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते म्हणाले, "इतकं मनापासून गाणं मी ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकू आलंच नाही, पण तरी."

गाण्याच्या शेवटच्या, जवळजवळ निःशब्द ओळीला झुंबर जागे झाले. खोलीभर माणसं उघड्या तोंडानं आपल्याकडं बघत आहेत, हे पाहून ते थोडे दचकले. मग त्यांनी पाय चाचपले आणि बायकोला विचारलं,

"पानी तपनं का?"

वत्सलाबाई पाटावरून उठल्या. म्हणजे उडाल्याच. कुणाकडं न बघता त्यांनी मागच्या गॅलरीचं दार किलकिलं केलं आणि बाहेर सटकल्या. विमलाबाईंनी ते पाहिलं. त्याही मागून गेल्या.

गॅलरीत ढग होता. ढगाच्या मध्ये बादली होती, बादलीतलं पाणी खदखदत होतं, आणि पाण्यात एक जाडजूड रॉड उभा होता. सटाण्याहून टॉवेलात गुंडाळून आणलेला. त्याच्या प्लगवर वत्सलाबाईंचा हात होता.

विमलाबाईंनी मागं दार लोटून घेतलं.

"यांच्या पायासाठी लावला होता गं," वत्सलाबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "इसरलेच."

आतून रियाजभाईंचा आवाज येत होता. "कुणीतरी खातंय! सापडलं तर मी सोडणार नाही!"

"लय मोठी बिल्डिंग हाय तुमची," वत्सलाबाई म्हणाल्या. "सगळेच आलेत."

"सगळेच," विमलाबाई म्हणाल्या. "कोंडाजीकाकांना तर दमा आहे."

वत्सलाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. ते वाफेनंही ओलं झालं असेल.

"वन्सं," विमलाबाई म्हणाल्या, "बटण बंद करा, नाहीतर पाणी उडेल. आणि दाजींना पाणी विसणून द्या. भाजतील." एवढं बोलून त्या आत गेल्या.

बटण बंद झालं. आत बल्ब पांढराशुभ्र झाला. सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले.

"दोनशे पाच!" रियाजभाई ओरडले आणि केकच्या आठवणीनं लगेच कुजबुजले, "दोनशे पाच. आता काय बंद झालं?"

"शेगडीचा परिणाम दिसायला वेळ लागतो," कोंडाजी म्हणाले. बयाबाईंना तो इस्त्रीचा वाटला. मल्हारीनं वर बोट दाखवलं आणि ते बोट सगळ्यांना पटलं.

केकनं उरलेला वेळ भराभर रंग घेतला. विमलाबाईंनी विणकामाची सुई टोचून पाहिली. ती कोरडी निघाली. भांडं उपडं केलं, केक ताटात आला. कडा वर आल्या होत्या. मध्यभाग, ज्यानं बराच काळ एकशे साठवर काढला होता, तो थोडा विचारात पडल्यासारखा दिसत होता.

चार बोटांची अट एव्हाना सगळ्या बिल्डिंगला कळली होती.

सहादूंनी खिशातून स्टीलची फूटपट्टी काढली.

"ती ठेव आत," वत्सलाबाई म्हणाल्या. "बोटं ठरलीत. आणि माझी ठरलीत."

त्या पुढं झाल्या. उजवा हात केकच्या बाजूला आडवा लावला. मग तो थोडा तिरपा केला. मग बोटं एकमेकांवर जरा चढली. विमलाबाई छताकडं बघत होत्या.

"चार," वत्सलाबाई म्हणाल्या. "चांगली चार. वर जरा जास्तच हाय."

टाळ्या झाल्या. आता धक्क्याची भीती नव्हती, त्यामुळं मल्हारीनं मघाची सगळी कसर ढोलकीवर काढली. कोंडाजी नाचले, रजईसकट. केकचे इतके तुकडे झाले, की त्यातून पलीकडचं दिसत होतं. पण करंज्या होत्या, भजी होती, चहा दोनदा झाला. झुंबर बादलीत पाय सोडून बसले होते आणि सगळ्यांना सांगत होते, "पानी मातर एक नंबर तपनं."

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर वत्सलाबाई पिशवी भरू लागल्या. विमलाबाईंनी रॉड पुसून, टॉवेलात गुंडाळून त्यांच्यापुढं ठेवला.

"इथंच राहू दे," वत्सलाबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पुन्हा कुठं आणत बसू? यायचं तर इथंच हाय."

तेवढ्यात सहादू एक बशी घेऊन आले. कालचा आपला तुकडा त्यांनी खाल्ला नव्हता. तो त्यांनी टेबलावर उभा ठेवला आणि खिशातून फूटपट्टी काढली.

"अक्का, जरा हात ठेव इथं. सरळ. बोटं जुळवून."

"कशाला रे?"

"असंच."

अक्कांची चार बोटं तीन इंच भरली. केक सव्वादोन.