दामूकाकांचा हँडब्रेक

आमचे शेजारी दामूकाका गाडी उतारावर लावतात, हँडब्रेक ओढतात आणि गाडीच्या पुढ्यात स्वतः उभे राहतात. घड्याळ बघत, पाच मिनिटं. ब्रेक धरतो की नाही, हे तपासायची ही त्यांची पद्धत. नाही धरला तर निकाल कोण सांगणार, हे विचारायची सोय नाही. "तुला काय कळतंय त्यातलं? तू आपले आंबे मोज!" माझ्या दारात आंबा सोडा, शेवगासुद्धा नाही.

काकांनी तीस वर्षं मुंबईत गॅरेजात काढली. निवृत्त होताना शेठनं बक्षीस दिली ती ही दोन शिटांची, बिनटपाची, जुनी विलायती स्पोर्ट्स कार. शेठची जागा मोकळी झाली आणि काका रत्नागिरीत मोटारमालक झाले.

हिचा हँडब्रेक ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दाराजवळ सुखानं नांदत होता. काकांनी तो उपटून दोन शिटांच्या मधे बसवायला घेतला. पत्रा कापला, केबल फिरवली, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी दोन लेंगे जाळले. तीन महिने हेच.

मग मुहूर्त. गाडी उतारावर उभी करून, नारळ ठेवून काकांनी बाजूला उभं राहून देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, नव्या ब्रेकात काय उणंदुणं ऱ्हायलं असंल तर संभाळून घे!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही हात जोडून.

दुसऱ्या 'व्हय म्हाराजा'ला गाडी निघाली. सगळ्यांनी डोळे किलकिले करून पाहिलं. पण गाऱ्हाणं मधे तोडायचं नसतं, म्हणून कुणी हललं नाही. गाडीनं खालच्या कुंपणाचा दगडी गडगा पाडला. काकांनी गाऱ्हाणं पुरं केलं आणि म्हणाले, "केबल सैल पडली."

आठवड्यानं पाहतो तर डावीकडच्या शिटावर काकू. काका पायाचा ब्रेक सोडत, काकू दोन्ही हातांनी मधला दांडा ओढत. गाडी जागीच थांबे. "परत," काका म्हणत. दहा वेळा तरी.

"काय काका, काकूंना क्लीनर ठेवलंत?"

काका उतरले आणि मला बाजूला घेऊन गेले. "हल्ली मधेच डोळ्यांसमोर अंधारी येते. चालवताना आली तर हिच्या हाताशी कायतरी पायजे. हिला सांगितलंय, माझा हात दुखतो."

"मग गाडीच सोडा ना!" मी भडकलोच.

"सोडणार. डॉक्टर पण तेच सांगतो. पण तीस वर्षं मी मुंबईत, ही हितं एकटी. एकदा हिला बाजूला बसवून आरे-वारेच्या समुद्रावर न्यायचीय. तेवढंच."

मला माझ्याच थट्टेची लाज वाटली. तेवढ्यात गाडीतून काकू ओरडल्या, "अवो, या ना! हात दुखतोय तर दुखू दे. ओढायला मी हाय."