शालनचे इंजिन जळत नाही

एका जंगलात, मुलांनो, पिण्याच्या पाण्याच्या आधी डांबर आले. डांबर आले म्हणून रस्ता केला. रस्त्याला जायला ठिकाण नव्हते, म्हणून तो तळ्याला वळसा घालून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळाला. अशा रस्त्याला ट्रॅक म्हणतात.

ट्रॅक झाल्यावर गाड्या आल्या. साध्या नव्हेत, स्पोर्ट्स कार. पोट जमिनीला टेकेल इतक्या बुटक्या, आणि आवाज असा की पाखरांनी घरटी पलीकडच्या रानात हलवली. ज्यांना देवाने चार पाय आणि भरपूर वेग दिला होता, तेही गाडीत बसून धावू लागले. का, ते विचारू नका. जंगलातही कोणी विचारले नाही.

या ट्रॅकवर तळ्याच्या काठाने जाणारे एक डावे वळण होते. लांबलचक. संपता संपत नसे. तिथे चांगल्या चांगल्या गाड्यांची इंजिने अचानक जाम होत. इंजिन जाम झाले की चाके अडत, गाडी गरकन फिरे आणि तळ्यात जाई, नाहीतर सागाच्या झाडावर.

भिवाजी सांबर झाडावर गेला. जीव वाचला, पण एक शिंग तुटले आणि मागचा पाय अधू झाला. शिंग पुढच्या वर्षी पुन्हा आले. पाय आला नाही.

ट्रॅक समितीचे अध्यक्ष कोल्हेसाहेब त्याला भेटायला आले.

“वळण कडक आहे,” ते म्हणाले. “त्याला काहीतरी द्यायला हवं.”

समितीने वळणावर शेंदूर लावलेला दगड बसवला. पुढच्या शर्यतीत एक रानडुक्कर त्याच दगडावर आदळले. मग समितीने मोठा दगड बसवला.

भिवाजीला एक धाकटी बहीण होती. तिचे नाव शालन. तीही गाडी चालवी. ती एकदा भावाजवळ येऊन बसली.

“दादा, आदळायच्या आधी नेमकं काय झालं?”

“काही नाही. समोरचा लाल दिवा लुकलुकला. तेलाचा.”

“मग थांबला का नाहीस?”

“तो नेहमीच लुकलुकतो गं. वळण संपलं की विझतो. मी बघायचंच सोडून दिलं होतं.”

“तेल कमी होतं का?”

“नाही. मी स्वतः बघून घेतलं होतं.” भिवाजीने तोंड फिरवले. “सगळे म्हणतात, त्याला चालवताच येत नव्हतं. तूही म्हण.”

शालनने तसे म्हटले नाही. ती उठली आणि मंजुळाबाई साळिंदरांकडे गेली.

मंजुळाबाई शहरात राहून इंजिनांचे शिक्षण घेऊन आल्या होत्या. हे त्या ओळख होण्याआधीच सांगत. त्यांचा आवाज नावासारखा मुळीच नव्हता. शालन पोचली तेव्हा त्या जेवत होत्या.

“तेल भरलेलं होतं, तरी इंजिन जळलं,” शालन म्हणाली. “कसं?”

मंजुळाबाईंनी आमटीची वाटी तिच्या हातात दिली.

“मध्ये चमचा धर आणि गोल पळ. जोरात. डावीकडे वळत राहा.”

शालन पळाली. आमटी वाटीच्या उजव्या कडेला चढली. थोडी तिच्या अंगावरही आली.

“चमच्यात काय आलं?”

“काही नाही. वारा.”

“इंजिनाच्या खाली अशीच एक वाटी असते. तेल तिथे साठतं. मधली नळी ते ओढते आणि वर पाठवते. वळण छोटं असेल तर निभतं. तुमचं वळण संपतच नाही. तेल कडेला जाऊन बसतं, नळी वारा ओढते, वर लोखंडावर लोखंड कोरडं घासतं. दिवा तेच ओरडून सांगत असतो. तुमच्याकडे दगडाला नारळ फोडतात. मी शहरात असताना...”

“मग करायचं काय?” शालनने घाईने विचारले.

मंजुळाबाईंनी भाकरीचे तुकडे मोडले आणि वाटीत उभे रोवले. “आता पळ.”

आता आमटी तुकड्यांना अडून मध्येच राहिली. चमचा भरला.

“तळाच्या वाटीत पत्र्याच्या पट्ट्या बसवायच्या. त्यांना छोटी दारं, फक्त आत उघडणारी. तेल नळीकडे येईल, परत जाणार नाही. तेल वरच्या खुणेपर्यंत भरायचं. त्याच्याही वर नाही, नाहीतर फेस होतो. आणि दिवा लागला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. आता ती वाटी इकडे दे. भाकरी फार भिजली तर मला आवडत नाही.”

शालनने पट्ट्या बसवून घेतल्या. बाहेरून गाडीत काहीच फरक दिसत नव्हता. ती सरळ मनाची होती, म्हणून तिने ही गोष्ट दिग्विजय बिबट्यालाही सांगितली. तो जंगलातला सर्वांत नामांकित चालक होता.

“दिग्विजयराव, तुमचाही दिवा लुकलुकत असेल. पट्ट्या बसवून घ्या.”

“पट्ट्या जखमेवर बांधतात, ताई,” दिग्विजय म्हणाला. “मला जखम झालेली नाही.”

दिवा मात्र लुकलुकत होता. दिग्विजयने कोल्हेसाहेबांचा सल्ला घेतला. कोल्हेसाहेबांनी दिव्याकडे बराच वेळ पाहिले.

“याने तुमचं लक्ष विचलित होतं का?”

“होतं.”

“मग काढून टाका.”

दिवा काढला. त्यानंतर तो एकदाही लुकलुकला नाही. दिग्विजयचे समाधान झाले.

शर्यतीचा दिवस आला. वाघमहाराजांचा मंडप वळणासमोरच होता, कारण जे काही व्हायचे ते तिथेच होई. भिवाजी गर्दीच्या मागे उभा होता. तो येणार नव्हता, पण आला.

दिग्विजय सगळ्यात पुढे होता. शालन त्याच्या मागे. दोघे वळणात शिरले. भिवाजीने डोळे मिटले.

मोठा आवाज झाला. धूर झाला. दिग्विजयची गाडी गरगरली, दगडाला घासली आणि तळ्यात गेली. सगळे जंगल उभे राहिले. धुरातून, पाण्यातून, शेपटी उंच धरून दिग्विजय पोहत आला. काठावर आला आणि त्याने अंग झटकले. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यातले थोडे दिग्विजयने झटकलेले होते.

शालन त्या वळणातून सरळ निघून गेली आणि शर्यत जिंकली. ते फक्त भिवाजीने पाहिले. त्याने डोळे उघडले होते.

संध्याकाळी सत्कार झाला. दिग्विजयचा. शाल, श्रीफळ आणि ‘जंगलवीर’ ही पदवी. महाराजांनी त्याला ट्रॅकचा सुरक्षाप्रमुख नेमले. तो त्याच आठवड्यापासून सर्व चालकांना पोहायला शिकवू लागला.

कोल्हेसाहेबांनी शालनलाही बोलावून घेतले.

“तुमच्या इंजिनाला काहीच झालं नाही?”

“नाही.”

“म्हणजे तुम्ही जीव ओतून चालवली नाहीत,” ते हळहळले. “पुढच्या वेळी प्रयत्न करा.”

पण चालकांना जीव प्यारा होता. एकेक जण मागच्या दाराने मंजुळाबाईंकडे येऊ लागला. “कुणाला सांगू नका,” असे प्रत्येक जण म्हणे. मंजुळाबाई प्रत्येकाला शहरातल्या गोष्टी सांगत आणि पट्ट्या बसवून देत.

पुढच्या शर्यतीत सगळ्या गाड्या वळणात शिरल्या आणि सगळ्या बाहेर आल्या. त्याच्या पुढच्या शर्यतीतही. गर्दी ओसरली. मंडपात महाराज पेंगू लागले.

“अध्यक्ष,” ते वैतागून म्हणाले, “या ट्रॅकचं काय बिघडलंय?”

“काहीच बिघडत नाही, महाराज,” कोल्हेसाहेब म्हणाले. “बिघाड तोच आहे.”

चौकशी झाली. पट्ट्या सापडल्या. इंजिनात पट्ट्या बसवणे हा शर्यतीच्या परंपरेचा अपमान आहे, असा ठराव झाला. सर्वांनी पट्ट्या काढल्या. पुढच्याच शर्यतीत तीन गाड्या तळ्यात गेल्या, आणि महाराजांचा उत्साह परत आला.

शालनने पट्ट्या काढल्या नाहीत. तिने शर्यत सोडली.

आता शर्यत नसते तेव्हा ती भावाला घेऊन ट्रॅकवर जाते. पहिल्या दिवशी भिवाजी शेजारी बसला आणि वळण येताच त्याने दाराची कडी धरली. वळण आले. वळण गेले.

“मला चालवता येत होतं, शाले,” तो म्हणाला.

“मला माहीत आहे, दादा,” ती म्हणाली, आणि गाडी थांबवून तिने चालकाची जागा त्याला दिली.

तेव्हापासून भिवाजी चालवतो. ते वळण तो पूर्ण वेगात घेतो. तिथे काहीही होत नाही, म्हणून बघायला कोणी येत नाही.

तात्पर्य : मुलांनो, इंजिन वाचवायचे असेल तर तेल जागेवर ठेवा. नाव कमवायचे असेल तर दिवा काढून ठेवा, पोहायला शिका, आणि बुडताना तोंड मंडपाकडे ठेवा.