ढवळे सरांचा मिस्ड कॉल

सकाळच्या परिपाठात दोन मिनिटांचं मौन असतं. पोरं डोळे मिटतात, तेव्हा आमचे ढवळे सर खिशातून फोन काढून एकेका पोराच्या नंबरावर मिस्ड कॉल देत सुटतात. कुणाच्या तरी मोज्यात घुर्र होतं. सर तिकडं नुसतं बोट करतात.

तेर गावाजवळच्या आमच्या शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे. ढवळे सर शिस्तप्रमुख, आणि त्यांचा कुणावरच विश्वास नाही. भाकरीच्या फडक्यात, कंपासपेटीत, एकदा तर पायाच्या प्लॅस्टरमध्ये त्यांनी फोन शोधलाय. "माणूस फसवतंय, थरथर फसवत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. शिक्षकांनाही सूट नाही. एकदा मला भर व्हरांड्यात अडवलं.

"जाधव सर, खिसा लई फुगलाय."

"चष्म्याचं घर आहे."

"उघडून दावा की मग."

दाखवलं. त्यांनी चष्मा उचलून खालीसुद्धा पाहिलं. पोरं हसली. तो राग माझ्या मनात राहिला, हे कबूल करतो.

शाळा सुटल्यावर सर पाण्याच्या टाकीमागं उभे राहून तासभर हळू आवाजात फोनवर बोलायचे. एकदा माझ्या कानावर आलं, "म्या फोन केलता हे कुणाला सांगू नको." हातात वही होती. मी मागून डोकावलो, तर आठवीतल्या मुलींची नावं. मला नको ते सुचलं. त्यांना विचारायला हवं होतं. मी सरळ मुख्याध्यापकांकडं गेलो, आणि वर माझं नाव सांगू नका म्हणालो.

मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून वही मागितली. मी तिथंच बसलो होतो. वहीत मुली होत्या तशी मुलंही होती. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि घरात पोरांजवळ एक फोन ठेवून गेलेत, अशी सगळी. मुख्याध्यापक नावांपुढच्या नोंदी वाचू लागले, "भाकरी केली, मीठ जास्त. ताप, सकाळी गोळी. रडली, उद्या परत."

मग त्यांनी विचारलं, "यात लपवायचं काय होतं?"

"पोरांत बोभाटा झाला तर परिपाठात मला भितंय कोण?" ढवळे सर म्हणाले. "अन् घरी मलाबी कोण इचारतंय? तेवढाच येळ जातो."

"तरी तक्रार आलीय, सर. बाहेर गेली तर तुमचं नाव जाईल. पोरांना फोन करणं बंद करा."

तक्रार कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. "बरोबर हाय. म्या बी संशयच घेतला असता," म्हणाले आणि वही टेबलावर ठेवून गेले.

चार दिवसांनी आठवीतली रेणुका मधल्या सुट्टीत माझ्याकडं आली. तिचं नाव वहीच्या पहिल्याच पानावर होतं.

"सर, ढवळे सरांचा फोन येत न्हाय. माझं काय चुकलं का?"

"रेंज नसेल," मी म्हणालो.

तिला ते पटलं. "मग आज घरावर, माळवदावर चढून बसते," ती म्हणाली. "तिथं येती."