बिलाची मागची बाजू

आमचे केबलवाले दामूभाऊ बिल उलटं देतात. म्हणजे कागदाची मागची बाजू वर. आपण पलटायला गेलो की हात धरतात. "पह्यले जाहिरात वाचा. बिल कुठं पळून राह्यलं?"

मागच्या बाजूवर भाऊंचं राज्य. जाहिराती तेच जमवणार, तेच लिहिणार. दातांच्या डॉक्टरसाठी लिहिलं, "दात दुखतो? या. नाही दुखत? तरी या, ओळख राहील." परसवाड्याच्या बँडवाल्यासाठी, "लग्न मोडलं तरी वाजवू." बँडवाला भांडायला आला. भाऊ म्हणाले, "लोकायनं वाचली ना? मंग!"

सगळ्यात खाली, चौकटीत, फुकट जाहिरात: "सुमनबाईंचे उडदाचे पापड." सुमनबाई म्हणजे त्यांच्या घरच्या. गुडघे गेल्यापासून त्यांना उंबरा ओलांडवत नाही, दिवसभर पापड लाटतात. बिल वाटलं की ऑर्डरी धडाधड येतात, असं भाऊ सांगायचे.

मग वरच्या कंपनीचा माणूस येऊन म्हणाला, "कागज बंद. बिल मोबाईल पे." भाऊंचं डोकंच फिरलं.

"मोबाईलले मागची बाजू हाय काय? सुमनचं नाव कुठं छापू?"

त्यांनी मोबाइलवर जाहिराती पाठवल्या. कोण उघडतो! मग घरोघरी जाऊन आमच्याच मोबाइलवर आमच्याकडून वाचून घेऊ लागले. फोडणी जळाली तरी सुटका नाही. शेवटी भाऊ गल्लीत दिसले की लोक टीव्ही बंद करून गप्प बसू लागले. अहो, केबलवाल्याला पाहून टीव्ही बंद! काय म्हणावं याला?

परवा आमचा टीव्ही खरंच बंद पडला, म्हणून मीच त्यांच्या घरी गेलो. भाऊ स्वतःच्याच दाराची कडी वाजवत उभे. "बिऽऽल!"

आतून सुमनकाकूंनी हात पुढे केला. भाऊंनी त्यावर ठेवला चक्क छापील कागद! चौकट पाहून काकू खुलल्या. "या खेपेले नाव मोठं आलं, नाही जी? साऱ्या गावाले वाटलं?"

"हौ. साऱ्या गावाले," म्हणत भाऊ वळले, तर समोर मी. भाऊंचा चेहरा पांढराफटक.

साऱ्या गावात तो एकच कागद छापला होता.

"काकू, आमच्या घरीबी आलं ना," मी म्हणालो. "दोन किलो द्या."

काकू भिंत धरून उठू लागल्या. "तू बस, मी देतो," म्हणत भाऊच आत पळाले. पुडा माझ्या हातात देताना कानाशी लागले, "लय खारट हायेत, जपून खाजा. आजवरच्या साऱ्या ऑर्डरी मीच खाल्ल्या."